रिकाम्या हातांचा माणूस

दिवाळीची सुटी जवळ आली कीं आमच्या परिचयाच्या कुटुंबांतून समुद्रकांठीं जाण्याचे बेत सुरू होतात, आणि अलीकडे त्या बेतांत 'मुलांना मासे गरवायला नेऊं' हें कलम हटकून असतें. गळ टाकून मासे धरण्याला आमच्या मालवणाकडे 'गरवणें' म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या चुलीवर मासा चढत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. आम्ही सारस्वत, तेव्हां आमच्याकडे तो चढतो, इतकाच काय तो फरक. परंतु मासा खाणारे असोत वा न खाणारे, मुलांचा हात धरून वाळूंत उभे राहण्याचा प्रसंग सर्वच आईबापांना येतो. म्हणून 2019 सालीं आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट आज सांगण्याचें योजिलें आहे. ती आमच्या शहाणपणाची नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

त्या वर्षींची दिवाळी कोंकणांत कोणाला फारशी गोड लागली नाहीं. वसुबारसेच्या सुमारास अरबी समुद्रांत 'क्यार' नांवाचें वादळ उठलें. तें किनाऱ्यावर चढलें नाहीं. रत्नागिरीच्या पश्चिमेस घोंघावून तें समुद्राच्या मध्याकडे वळलें, आणि तेथें गेल्यावर त्याचें महाचक्रीवादळ झालें. 2007 सालच्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रानें एवढें वादळ पाहिलें नव्हतें. जातां जातां त्यानें कापणीला आलेलें भात आडवें केलें. आणि अमावास्येच्या उधाणाची जोड मिळाल्यामुळें सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील कित्येक वस्त्यांत समुद्राचें पाणी शिरलें. मालवणच्या उत्तरेस असलेल्या आमच्या गांवींही माडांच्या मुळांखालची वाळू धुऊन गेली, आणि नरकचतुर्दशीचें अभ्यंग आम्हां सर्वांना विजेवांचून, कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें.

घरांत त्या वेळीं लहानमोठीं नऊ माणसें होतीं. त्यांत मुलें दोन: आमची बारा वर्षांची कन्या आणि थोरल्या बंधूंचा नऊ वर्षांचा मुलगा, ज्याला सारें घर 'बाळ' म्हणून हांक मारतें. चार दिवस घरांत कोंडलेल्या या दोघांना अण्णांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगून रमविलें. त्या गोष्टींत एक गोष्ट फिरून फिरून येई. वादळ सरलें कीं मासा कांठाशीं येतो, आणि मग होडी नको, जाळें नको. वाळूवर उभें राहून दोर टाकला तरी टोपली भरते. अण्णांचें वय तेव्हां चौऱ्याहत्तर होतें. पण हें सांगतांना त्यांचे डोळे बाळच्या डोळ्यांइतकेच लकाकत.

अण्णांच्या म्हणण्यांत तथ्य होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. लाट ही केवळ पाण्याच्या पाठीवरची घडी नव्हे. तिच्या लांबीच्या सुमारें निम्म्या खोलीपर्यंतचें पाणी ती हालवीत असते. नेहमींच्या आंखूड लाटा तळाला पोंचतात त्या अगदीं कांठाजवळ. वादळाच्या लांबलचक लाटा मात्र दूर समुद्रांतला तळही ढवळून काढतात. मग वाळूंत दडलेले किडे, शिंपल्यांतले जीव, लहानग्या कुर्ल्या उघड्या पडतात आणि माशांना आयतें ताट वाढलें जातें. शिवाय पाणी गढूळ असतें. स्वच्छ उथळ पाण्यांत दिवसाढवळ्या यायला जो मासा भितो, तो या गढूळपणाच्या आडोशानें बिनदिक्कत आंत येतो. मुडदुसा तर लाटा फुटतात तेथल्या वाळूंतच चरणारा. पण रावस, तांबोशी, शिंगाळा हेही अशा वेळीं जवळ सांपडतात.

दुसरें असें कीं, वादळ किनाऱ्याचा आकारच बदलून टाकतें. पुळणीवरची वाळू ओढून नेऊन तें थोड्या अंतरावर पाण्याखालीं तिचा बांध घालतें. बांध आणि कांठ यांच्यामध्यें चर पडतो. लाटांबरोबर आंत आलेलें पाणी त्या चरांतून वाहत जाऊन बांधाला जेथें खिंड असेल तेथून परत समुद्रांत जातें. आणि त्या वाहत्या पाण्याबरोबर सारें खाद्यही त्या खिंडीकडे चालतें. मासा हा मोठा व्यवहारी प्राणी आहे. जेथें जेवण आपण होऊन तोंडाशीं येतें, तेथें तो उभा राहतो. वाचकांनीं ही खिंड लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

भाऊबीज झाली, आकाश निवळलें, आणि अण्णांनीं माळ्यावरून दोर गुंडाळण्याची जुनी फळी काढली. नवा नायलॉनचा दोर, शिसें आणि गळ आम्हीं मालवणच्या बाजारांतून आणले. मग अण्णांनीं पंचांग उघडून मुलांना भरतीचा हिशेब शिकविला. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ ढोबळ मानानें निघते. दुसरे दिवशीं 30 ऑक्टोबर, कार्तिक शुद्ध तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारीं सव्वादोनाला पूर्ण भरती, आणि सकाळीं आठाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पाणी चढूं लागतें तेव्हां मासा आंत येतो. तेव्हां साडेआठाला जावें आणि अकराच्या आंत परतावें. कन्येनें हें सारें वहींत नीट मांडून घेतलें.

आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र एक शंका काढली. त्या म्हणाल्या, "अण्णा, लाटांचा आवाज अजून घरापर्यंत येतो आहे. आणखी दोन दिवस थांबलें तर नाहीं का चालणार?"

अण्णा म्हणाले, "अगो, आकाश बघ कसें आहे तें! वाऱ्याची झुळूकसुद्धां नाहीं. आणि पाणी केव्हां चढणार नि केव्हां उतरणार, तें सगळें पंचांगांत दिलेलें आहे."

आम्हीं अण्णांची बाजू घेतली. आकाश खरोखरच निळेंभोर होतें. शिवाय म्हाताऱ्या माणसाचा उत्साह मोडायला जीव होईना. मोबाइलवर हवामानखात्याची सूचना आलेली होती. मच्छीमारांनीं समुद्रांत जाऊं नये, असें तींत स्पष्ट म्हटलें होतें. ती आम्हीं वाचली आणि मनाशीं म्हटलें, आपण कोठें समुद्रांत जात आहों! आपण वाळूवर उभे राहणार. बंधू आणि वहिनी भिजलेल्या भाताची व्यवस्था पाहायला शेतावर जाणार होते. वहिनींनीं बाळला आमच्या हवालीं केलें आणि त्या निघून गेल्या.

पुळणीवर गेलों तेव्हां एकही होडी पाण्यांत नव्हती. साऱ्या होड्या सुरूच्या झाडांपर्यंत वर ओढून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या सावलींत आमचे जुने शेजारी, एक वृद्ध गाबीत गृहस्थ, जाळें सांधीत बसले होते. त्यांना सारा गांव तांडेल म्हणतो. आम्हांला पाहून ते म्हणाले, "अण्णांनू, आज रवलात तर बरां. पाण्याक ओढ आसा."

अण्णा हंसले. आम्ही कांहीं पोहायला आलों नाहीं, कांठावरूनच टाकणार, असें त्यांनीं सांगितलें. तांडेलांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं जाळें बाजूला ठेवलें, आमच्यामागून खालीं आले आणि दहा पावलांवर वाळूंत बसून राहिले. त्यांच्या हातांत कांहीं नव्हतें. त्या वेळीं आम्हांला त्याचें कांहींच वाटलें नाहीं.

पहिला दीड तास जो गेला तसा आनंदाचा काळ आमच्या घरानें क्वचितच पाहिला असेल. अण्णांनीं मुलांना गळाला कोळंबीचा तुकडा कसा ओवावा, दोर डोक्याभोंवतीं फिरवून कसा सोडावा, मग तो तर्जनीवर हलका ठेवून वाट कशी पाहावी, तें शिकविलें. लाटेचा ओढा एकसारखा असतो. माशाचा झटका दोन-तीन वेळां तुटक लागतो. हा भेद कळायला कन्येला अर्धा तास लागला, आणि कळल्यावर तिनें वीतभर लांबीचा एक रुपेरी मुडदुसा कांठावर आणला. तिची आई शेजारीं उभी होती. ती शंका विसरून टाळ्या वाजवूं लागली. त्याहून लहान मासा लागला कीं अण्णा हात ओले करून तो अलगद सोडवीत आणि परत पाण्यांत टाकीत. हा त्यांच्या लहानपणचा घरगुती नियम. 2023 सालीं राज्यशासनानें 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, तेव्हां आम्हांला त्याची आठवण झाली. पुढें एक शिंगाळा लागला. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कुशींना विषारी कांटे असतात. अण्णांनीं त्याला फडक्यांत धरून ते पकडीनें तोडून टाकले. असा कांटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यांत तो भाग निदान अर्धा तास बुडवून ठेवावा, वेदना कमी होते; आणि मग डॉक्टरांकडे जावें.

दहा वाजेपर्यंत टोपलींत सात मासे झाले. हांव ही अशाच वेळीं सुटते. थोडें उत्तरेकडे आम्हांला एक मोठी सोईची जागा दिसली. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फेंसानें फुटत होत्या आणि मधल्या पांचपंचवीस हातांच्या पट्ट्यांत पाणी काळसर व शांत होतें. आम्हांला वाटलें, मुलांना ही जागा बरी. लाट मुळीं फुटतच नाहीं. अण्णा म्हणाले, मासाही तेथेंच असणार. दोर घेऊन आम्ही तिकडे सरकलों.

अण्णांचें म्हणणें खरें ठरलें. मासा तेथेंच होता. दोर टाकून कांहीं क्षण गेले नाहींत तोंच असा हिसका बसला कीं बोटाला चीर पडली. दोर निसटूं नये म्हणून आम्हीं त्याचे दोन वेढे उजव्या हाताच्या पंजाला घेतले. तें पाहायला बाळ धांवत आमच्या डाव्या बाजूस आला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत होतें. बराच वेळ लहान लाटा येत होत्या. आणि मग एकामागून एक तीन मोठ्या आल्या. तिसरीचें पाणी आमच्या मांडीपर्यंत, म्हणजे त्याच्या छातीपर्यंत चढलें, आणि परततांना पायांखालची वाळूच घेऊन गेलें. बाळ खालीं बसला आणि बसल्या जागेवरून निघाला. त्यानें हांकही मारली नाहीं.

आम्हीं त्याला जातांना पाहिलें. दोर हाताला गुंडाळलेला होता. आणि जें सांगण्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला, तें हें: पहिल्या क्षणीं आम्हीं तो दोर सोडविला नाहीं, ओढला. इतका वेळ हात जें काम करीत होते, तेंच त्यांनीं केलें. दुसऱ्या क्षणीं आम्ही वेढे सोडवूं लागलों. पण पलीकडून मासा ओढीत असतां ओल्या नायलॉनचे वेढे चटकन सुटत नाहींत.

तोंवर तांडेल पाण्यांत होते. ते बाळच्या दिशेनें सरळ धांवले नाहींत. पाणी त्याला जेथें नेणार होतें तेथें, बाजूनें, गेले. त्याचा दंड धरला, आणि ओढीला तोंड न देतां कांठाशीं समांतर, जेथें लाटा फुटत होत्या त्या बाजूला सरकले. तेथें लाटांनींच दोघांना आंत लोटलें. वीस पावलांवर ते बाहेर आले. या सर्वाला पुरतें मिनिटही लागलें नसेल. सौभाग्यवतींनीं बाळला पदराखालीं घेतलें. त्या कोणाला एक शब्द बोलल्या नाहींत. अण्णा वाळूंत मटकन खालीं बसले.

कांहीं वेळानें तांडेल त्यांच्या शेजारीं जाऊन बसले आणि म्हणाले, "पंचांगात भरती आसता, अण्णांनू. लाट नसता."

या एका वाक्याचा अर्थ आम्हीं मागाहून पुस्तकांतून आणि जाणत्यांकडून समजावून घेतला. भरतीओहोटी ही चंद्रसूर्यांची कामगिरी. ती पंचांगावरून काढतां येते. लाट ही वाऱ्याची लेक, आणि तो वारा आपल्याच गांवचा असला पाहिजे असें नाहीं. 'क्यार' आमच्यापासून शेंकडों किलोमीटर दूर गेलें होतें. पण तेथून निघालेल्या लाटा आमच्या पुळणीवर येऊन पोंचत होत्या. ज्या लाटांच्या दोन माथ्यांमध्यें पंधरा सेकंद जातात, त्यांचें बळ दिवसाला सुमारें हजार किलोमीटर चाल करतें. निळें आकाश एवढेंच सांगतें कीं येथें वादळ नाहीं. कोठेंच नाहीं असें तें सांगत नाहीं. खरें म्हणजे त्याच दिवशीं लक्षद्वीपाकडे दुसरें वादळ आकार घेत होतें. पुढें त्याला 'महा' हें नांव मिळालें, आणि अरबी समुद्रांत कांहीं दिवस दोन वादळें एकाच वेळीं वावरत राहिलीं. आम्ही ज्याला 'वादळानंतर' म्हणत होतों, तें दोन वादळांच्या मधलें होतें. हवामानखात्याची सूचना तेंच सांगत होती, आणि आम्हीं ती दुसऱ्या कोणासाठीं आहे असें समजून बाजूला सारली होती.

आणि ती शांत, काळसर पट्टी? तीच ती बांधामधली खिंड. तेथें लाट फुटत नाहीं, कारण तेथें पाणी खोल असतें. आणि तें शांत दिसतें, कारण तें कांठाकडे येत नसून कांठापासून जात असतें. मासा जेथें उभा राहतो तीच जागा ओढीची. आपल्याला मुलांसाठीं जी जागा सर्वांत सुरक्षित वाटते, ती नेमकी सर्वांत वाईट असते.

संध्याकाळीं बंधू आणि वहिनी शेतावरून आलीं तेव्हां आम्हीं कांहीं न लपवितां सारें सांगितलें. वहिनींनीं बाळच्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हटलें, "भावोजी, तुम्ही स्वतः सांगितलेंत हें बरें केलेंत." थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "पण दोर हाताला कां गुंडाळला होतात?" याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. अण्णांनीं सातही मासे तांडेलांकडे पाठविले. तांडेलांनीं तीन ठेवून घेतले आणि चार परत धाडले; पोरांना भाजून घाला, असा निरोप दिला. त्या रात्रीं अण्णांनीं मासा पानांत घेतला नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं मात्र ते आपण होऊन तांडेलांच्या अंगणांत जाऊन बसले आणि लहान मुलासारखे एकेक गोष्ट विचारूं लागले. त्या बैठकींतून आमच्या घरानें जे नियम केले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देतों. पाण्याजवळ जाण्यापूर्वीं उंचावर बसून निदान वीस मिनिटें समुद्र पाहावा. मोठ्या लाटा टोळीनें येतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी जेथपर्यंत वाळू भिजविते, त्याच्या वर मुलांनीं उभें राहावें. पाणी चढत असेल तर ही खूण वरचेवर नव्यानें पाहावी. फुटणाऱ्या लाटांमधली शांत पट्टी दिसली कीं तिच्यापासून दूर व्हावें. दोर कधींही हाताला गुंडाळूं नये. मासा गेला तर जाऊं द्यावा. कोणी ओढींत सांपडलाच तर त्यानें कांठाकडे सरळ झगडूं नये. अंग तरंगतें ठेवून आडवें, कांठाशीं समांतर सरकावें. कांठावरच्यांनीं तरंगणारें कांहीं हातीं लागेल तें त्याच्याकडे फेंकावें आणि जाणत्यांना हांक मारावी. समुद्राची माहिती नसतांना मागोमाग उडी घेणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. हैदराबादची समुद्रमाहिती संस्था लाटांच्या उंचीचे अंदाज देत असते, ते पाहावे. आणि गांवच्या होड्या वर ओढलेल्या असतील, तर तो निकाल आपल्यालाही लागू आहे असें समजावें.

परंतु सर्वांत मोठा नियम तांडेलांनीं सांगितला नाहीं. तो त्यांनीं करून दाखविला होता. त्या सकाळीं आम्हां सर्वांचे हात गुंतलेले होते: आमचे दोराला, अण्णांचे गळाला, मुलांचे टोपलीला. त्यांचे तेवढे रिकामे होते. आमच्यासारखीं शिकलेलीं माणसें समुद्रावर गेलीं कीं प्रत्येकाला कांहींतरी करायचें असतें; नुसतें बसून पाहणें हें आपल्याला काम वाटत नाहीं. पण त्या दिवशीं खरें काम तेंच होतें, आणि तें करणारा एकच माणूस तेथें होता.

त्यानंतर दोन वर्षांनीं आम्ही पुन्हा गरवायला गेलों, तेव्हां होड्या पाण्यांत होत्या. दोर वांटले जाऊं लागले तसे अण्णा म्हणाले, "मला देऊं नका. आज मी रिकामा." आणि ते दहा पावलांवर वाळूंत जाऊन बसले. पंचांग खिशांत होतेंच. पण त्यांनीं तें उघडलें नाहीं, लाटा मोजीत राहिले. तेव्हांपासून आमच्या घरीं ही पाळी ठरलेली आहे. कन्या आतां मोठी झाली आहे. गेल्या खेपेस पाळी तिची होती, आणि बाळ दोर धरून पाण्याकडे एक पाऊल अधिक सरकला तेव्हां तिनें त्याला जी हांक मारली, ती साऱ्या पुळणीला ऐकूं गेली.

वाचकहो, या सुटींत मुलांना घेऊन समुद्रावर जाल, तर एवढें करा. मासा कोणी धरायचा हें तेथें गेल्यावर ठरवा. हात रिकामे कोणाचे राहणार, हें मात्र घरून निघण्यापूर्वीं ठरवून निघा.